बॉनेट सर्वांत शेवटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या 'सभासदांचे छंद' या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मला मिळालेली वेळ आहे वीस मिनिटं, आणि विषय आहे जुन्या गाड्यांची बॉनेट आणि त्यांच्या बिजागऱ्या. विषय ऐकून समोरच्या दोन-तीन वहिनींनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. त्यांना आधीच सांगतो, हे भाषण थोडंसं घराच्या दारांबद्दलही आहे.

तिथूनच सुरुवात करू. पावसाळा आला की आपल्याकडची लाकडी दारं घासायला लागतात. आपण सुताराला बोलावतो. तो रंधा काढतो, घासणारी कड तासतो, पैसे घेतो आणि जातो. जानेवारीत लाकूड सुकतं आणि त्या कडेला एवढी फट पडते की बाहेरच्याला आतला टीव्ही दिसावा. शहाणा सुतार आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू हाताने तपासतो. दहातल्या निम्म्या वेळा ते ढिले झालेले असतात आणि दार फुगलेलं नसून लोंबलेलं असतं. स्क्रू आवळले की काम झालं. जिथे घासतंय तिथेच चूक आहे, असं धरून चालणं हा माणसाचा स्वभाव आहे. जुन्या मोटारीच्या बॉनेटच्या बाबतीत हा स्वभाव फार महागात पडतो.

आधी शब्दांचा एक गोंधळ मिटवतो. इंजिनावरच्या झाकणाला आपण इंग्रजांसारखं बॉनेट म्हणतो. अमेरिकेत त्यालाच हूड म्हणतात. आपल्या गॅरेजात मात्र हूड म्हणजे जीपवरचं कापडी छप्पर. त्यामुळे अमेरिकन पुस्तक वाचून कोणी मिस्त्रीला 'हूड बसत नाही' असं सांगितलं, तर तो शिंप्याचा पत्ता देईल.

आता बॉनेटचे प्रकार. फार जुन्या, म्हणजे महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना मधोमध लांब बिजागरी असे. आपले सुतार जिला पियानो बिजागरी म्हणतात, तशीच. बॉनेट डाव्या-उजव्या बाजूने पंखासारखं उघडायचं. पुढे रेडिएटरच्या कडेवर आणि मागे काचेखालच्या कडेवर जाड सुती पट्टी ओवलेली असे, तिच्यावर ते टेकायचं. अशी गाडी चालताना चिवचिव आवाज करू लागली तर बहुतेक वेळा ती पट्टी झिजलेली असते आणि पत्र्यावर पत्रा घासत असतो. दुसरा प्रकार अँबॅसडर आणि मॉरिस मायनरचा. बिजागऱ्या मागे, काचेजवळ, आणि तोंड पुढून उघडतं, सुसरीसारखं. या प्रकारात पुढचं कुलूप नीट लागलं नाही तर वेगात वारा आत शिरतो आणि बॉनेट उलटून थेट काचेवर येतं. म्हणून तिथे एक मुख्य लॉक आणि एक जादा खटका अशी दुहेरी सोय असते. तिसरा प्रकार याच्या उलट. बिजागऱ्या पुढे, बंपरपाशी, आणि बॉनेट मागून उचलून पुढे कलंडतं. यात वारा बॉनेटला दाबूनच धरतो. स्टँडर्ड हेराल्ड ही या तिसऱ्या जातीतली. आजची गोष्ट तिचीच आहे.

आपल्या बी विंगच्या पार्किंगमध्ये राखाडी कव्हरखाली जी गाडी उभी असायची ती हेराल्ड, १९६५ सालची. तिच्याभोवती क्रिकेट खेळून आपली एक पिढी मोठी झाली. गाडी काकूंच्या यजमानांची. ते गेल्यानंतर ती सहा-सात वर्षं जागची हलली नव्हती. मागच्या वर्षी कमिटीने बंद वाहनांबद्दल सर्वांना पत्र पाठवलं. पत्र रास्तच होतं, पार्किंगची अडचण सगळ्यांनाच आहे. काकूंच्या नातवाने इंजिन सुरू करून घेतलं, ब्रेक करून घेतले, पण बॉनेट काही केल्या बसेना. उजवीकडचा मागचा कोपरा बोटभर वर राहायचा. त्या बाजूची कडी लावायला दोन माणसं लागायची, तर डावीकडची कडी सैल, खडखड वाजणारी. डावीकडे मागच्या कडेचा रंग घासून पत्रा दिसत होता. पोराने बॉनेटला सुतळी बांधली होती आणि तशीच गाडी तो चक्कर मारायला नेत होता. एका गॅरेजने बॉनेटची कड कापून नवी पट्टी वेल्ड करायचा सल्ला दिला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून काकू म्हणाल्या, "दिवाळीच्या आत भंगारवाल्याला बोलवा. मला ह्यांची गाडी अशी सुतळी बांधलेली बघवत नाही."

त्या संध्याकाळी नातू माझ्याकडे आला. मी काही मेकॅनिक नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ताळे जुळवण्यात. पण जुन्या गाड्यांचा नाद पहिल्यापासून, आणि बॉनेट बसवणं हे ताळा जुळवण्याच्या इतकं जवळचं काम आहे की मला ते परकं वाटत नाही.

आमच्या वेळी सगळं हाताने लिहिलेलं असायचं. महिनाअखेरीला ट्रायल बॅलन्स काढायचा आणि तो जुळायचा नाही. नवीन पोरगं काय करतं? त्या शेवटच्या कागदावरच बेरजा पुन्हा पुन्हा तपासत बसतं. जुना हेडक्लार्क त्याला सांगतो, बाळ, या कागदात काही नाही, फरक खालच्या लेजरमध्ये आहे, तिकडे जा. आणि आळशी माणूस काय करतो? फरकाची रक्कम सस्पेन्स खात्याला टाकतो आणि घरी जातो. कागद जुळलेला दिसतो, पण चूक तशीच आत राहते.

बॉनेट म्हणजे गाडीचा ट्रायल बॅलन्स. ते सर्वांत शेवटी बसतं आणि बाकी सगळ्यांशी जुळवून घेतं. चासी, चासीवर ठेवलेली बॉडी, दारं, बिजागऱ्या, यांत कुठेही फरक असेल तर तो बॉनेटच्या फटीत येऊन दिसतो. तिथे हातोडी मारणं म्हणजे फरक सस्पेन्सला टाकणं.

हेराल्डच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे आणि त्याला इतिहास आहे. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ही गाडी १९५९ साली आणली. रेखाटन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. त्या काळात इतर कारखाने अख्खी बॉडी एकसंध बनवायला लागले होते. पण फिशर अँड लडलो नावाच्या मोठ्या बॉडी कारखान्याला १९५३ साली बीएमसी या स्पर्धक कंपनीने विकत घेतलं होतं. मग करायचं काय? तर जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी ठेवायची आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून, आणून, बोल्टांनी जोडायचे. याचा एक फायदा असा झाला की अशी गाडी सुट्या भागांत परदेशी पाठवून तिथे जोडणं सोपं होतं. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ती बनवायला घेतली. ९४८ सीसीचं छोटं इंजिन, आणि २५ फुटांच्या वर्तुळात वळणारी गाडी. आपल्या पार्किंगमध्ये आजही तिच्याइतकी चटकन कोणी वळत नाही!

पण बोल्टांनी जोडलेली बॉडी म्हणजे जोड जितके, तितक्या सरकायच्या जागा. आणि हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे, दोन्ही बाजूंचे मडगार्ड आणि दिवे त्यातच. ते उचललं की इंजिन आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. दुरुस्तीला इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिली नाही. एवढं मोठं धूड दोन बिजागऱ्यांवर, दोन रबरी शंकूंवर आणि दोन बाजूच्या दोन कड्यांवर जुळवायचं असतं.

आम्ही चार रविवार काम केलं. काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण या कामात क्रमच महत्त्वाचा.

पहिल्या रविवारी बॉनेटला हातच लावला नाही. गाडी सपाट जागी घेतली, चारही टायरांत हवा सारखी भरली आणि दारं तपासली. उजवं दार लावताना किंचित उचलावं लागत होतं. नातू म्हणाला, "आजोबा, ते पहिल्यापासून तसंच आहे." घरात 'पहिल्यापासून तसंच' असलेल्या गोष्टींकडे कोणी बघत नाही. टॉर्च घेऊन खाली पाहिलं. बॉडी चासीवर जिथे टेकते तिथे रबरी बैठका असतात. उजवीकडच्या पुढच्या बैठकीचं रबर पार चुरून गेलं होतं. म्हणजे काचेखालची सगळी चौकट त्या बाजूला खाली बसली होती. बॉनेटचा कोपरा वर आला नव्हता, त्याच्या खालची जमीन खचली होती. कडी लागत नव्हती तीही त्यामुळेच, कारण तिची जोडीदार खाली गेली होती.

दुसऱ्या रविवारी ती बैठक बदलली. शेजारच्याही बदलल्या, कारण एकीला साठ वर्षं झाली तर दुसरीलाही झालीच. बोल्ट गंजलेले होते. त्यांच्यावर आदल्या चार रात्री तेल सोडून ठेवलं होतं, म्हणून न तुटता निघाले. जुन्या गाडीत घाईने फिरवलेला पाना बोल्टचं डोकं हातात देतो. नवं रबर बसवून, उंची जुळवायला लोखंडी चकत्या घालून बोल्ट आवळले. दार न उचलता लागलं. आणि बॉनेटचा बोटभर वर असलेला कोपरा आपोआप खाली आला.

पण आता तो जरा जास्तच खाली दिसायला लागला. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या कोपऱ्यावरून फिरवलं. बाकी बॉनेटला ते घट्ट चिकटत होतं, तिथे सुटून पडलं. म्हणजे खाली पुट्टीचा जाड थर. पूर्वी कधीतरी कोणीतरी तो कोपरा हातोडीने खाली ठोकला होता आणि वर पुट्टी भरून रंग मारला होता. चुकीच्या जमिनीशी जुळवायला बरोबर असलेलं झाकण वाकवलं होतं. सस्पेन्सला टाकलेली नोंद कधी ना कधी उलटवावी लागते, ती अशी. एका जुन्या डेंटरला बोलावलं. त्याने पुट्टी खरवडून काढली, खालून लाकडाचा ठोकळा धरून पत्रा हळूहळू मूळ जागी आणला. तासाभराचं काम. कड कापून वेल्ड केली असती तर हा पत्रा पुन्हा कधीच मूळ जागी आला नसता.

तिसरा रविवार बिजागऱ्यांचा. बिजागरी झिजली आहे का हे ओळखायची सोपी रीत आहे. एकाने बॉनेट अर्धवट उघडं धरायचं आणि त्या बाजूच्या कोपऱ्याला हलकेच मागे-पुढे हलवायचं. दुसऱ्याने बोट बिजागरीच्या जोडावर ठेवायचं. बोटाला टकटक लागली तर पिन आणि भोक यांच्यात अंतर पडलंय. आमची उजवी बिजागरी ठीक होती, डावी टकटक करत होती. भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. त्यामुळे डावी बाजू मागे सरकून रंग घासत होती. अशा बिजागरीवर कितीही जुळवाजुळव केली तरी ती टिकत नाही. आज बसवाल, पहिल्या खड्ड्यात पुन्हा सुटेल. उपाय एकच. लेथवाल्याकडे जायचं, भोक गोल करून घ्यायचं, त्यात पितळेची बुश आणि तिच्या मापाची नवी पिन बसवायची. खर्च किरकोळ. आणि मग वर्षातून दोनदा तेलाचे चार थेंब. एवढ्या वर्षांत ते चार थेंब मिळाले असते तर ती बिजागरी झिजली नसती.

आता जुळवणी. इथे चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. परतीचा रस्ता माहीत असला की माणूस निर्धास्त काम करतो. दोन, बाजूच्या पत्र्यांच्या कडांना चिकटपट्टी लावा, म्हणजे रंग जाणार नाही. तीन, बोल्ट पूर्ण सोडू नका. बॉनेट हाताने ढकललं तर सरकेल, सोडलं तर थांबेल इतपतच सैल करा. चार, एका वेळी एकच गोष्ट हलवा.

हेराल्डच्या बिजागऱ्यांच्या बोल्टांना लांबट भोकं असतात, त्यामुळे त्या थोड्या सरकवता येतात. यात एक गंमत आहे. बिजागऱ्या पुढे आहेत, म्हणून उजवी बिजागरी थोडी पुढे घेतली तर बॉनेटची मागची कड उजवीकडे जाते. मागे घेतली तर डावीकडे. आणि पुढच्या टोकाला केसभर हलवलेलं मागच्या टोकाला ठळक दिसतं. म्हणून ठोकून नाही, तळहाताने ढकलून काम करायचं. फट मोजायला मी चार मिलीमीटर प्लायवूडची पट्टी वापरतो. दोन्ही बाजूंना ती सारखीच अडकत सरकली पाहिजे. फट जराशी मोठी असली तर चालते, पण एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाली की लांबूनही डोळ्यांत खुपते.

आणि हो, दिवे बॉनेटमध्येच असल्यामुळे त्यांच्या वायरी बिजागरीजवळून जातात. त्या चेंगरत नाहीत ना, हे प्रत्येक वेळी पाहायचं. गाडीला बॉनेटच्या फटीने आग लागत नाही, चेंगरलेल्या वायरीने लागते.

चौथ्या रविवारी शंकू आणि कड्या. बॉनेट मागे ज्या रबरी शंकूंवर टेकतं त्यांना खडू लावला, बॉनेट अलगद टेकवलं आणि पुन्हा उचललं. डावीकडे खडूचा ठसा उमटला, उजवीकडे नाही. शंकू वर-खाली करून दोन्हीकडे सारखा ठसा आणला. बॉनेटचं वजन दोन्ही खांद्यांवर सारखं आलं की खडखड जाते.

सर्वांत शेवटी कड्या. कडीचं काम धरून ठेवण्याचं. वाकडं बॉनेट ओढून सरळ करणं हे तिचं काम नव्हे. कडी एका हाताने, बेताचा जोर लावून लागली पाहिजे. ज्यांच्याकडे अँबॅसडरसारखी पुढून उघडणारी गाडी असेल त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुळवणी चालू असताना बॉनेट एकदम आपटून बंद करू नका. आधी बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॉक दाबून पाहा आणि आतली केबल ओढली की ते सुटतं याची खात्री करा. नाहीतर बॉनेट छान बसतं आणि मग उघडतच नाही.

चौथ्या रविवारी दुपारी नातवाने एका हाताने दोन्ही कड्या लावल्या. सुतळी मी खिशात घातली. काकू खाली आल्या. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंच नाही. उजवं दार उघडलं, बसल्या आणि लावलं. न उचलता लागलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, "हे दार ह्यांना शेवटपर्यंत उचलून लावावं लागायचं." एवढंच.

भंगारवाला आला नाही. गाडी आता दर रविवारी बाहेर निघते, म्हणून ती बंद वाहनांच्या यादीतूनही निघाली. काकूंनी ती ठेवावी की विकावी हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पण विकायची झालीच, तर आता ती गाडी म्हणून विकली जाईल, किलोवर नाही. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी त्यांत बसते. रोजच्या वापराची परवानगी त्यात नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. मूळ स्वरूपात हा शब्द महत्त्वाचा. कापलेला पत्रा परत मूळ होत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडे नव्या गाड्या आहेत. त्यांनीही येत्या रविवारी पाच मिनिटं काढावीत. बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी पाहाव्यात. गाडी उभी असतानाच केबल ओढावी आणि दुसरा खटका बॉनेटला धरून ठेवतो का ते तपासावं. बिजागऱ्यांना तेलाचे चार थेंब द्यावेत. फट अचानक बदललेली दिसली तर बॉनेटवर संशय घेण्याआधी खाली काय हललंय ते शोधावं. आणि गॅरेजवाला हातोडी घेऊन आला तर त्याला नम्रपणे विचारावं, "आधी दारं पाहिलीत का?"

घरचं दार घासत असेल तर रंध्याआधी स्क्रूड्रायव्हर काढावा. तो नसेल तर माझ्याकडे आहे, ए विंग, पहिला मजला. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही या.